शाळा बंद, बाई ऑनलाइन

सप्टेंबर २०२०. सातारा जिल्ह्यातलं एक अनुदानित हायस्कूल. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा एक दिवस.

सकाळी ६.३० : डोळे नीट उघडायच्या आत हात फोनकडे जातो. ग्रुपवर ‘अतितातडीचे’ : कालच्या तासांना किती मुलं हजर होती, ते दहाच्या आत गुगल फॉर्ममध्ये भरा. त्याच्याच वर एका निवृत्त सरांना भावपूर्ण श्रद्धांजली आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. मीही हात जोडते आणि फॉर्म उघडते.

८.३० : नववी अ. झूमची फुकटातली चाळीस मिनिटं. त्यातली बरीचशी ‘बाई, आवाज येत नाही’मध्येच जातात. आज जडत्व. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणं, पुठ्ठ्याला टिचकी. वर्गात नाणं पेल्यात पडलं की पोरं ओरडायची. इथे सगळे म्यूट. काळ्या चौकटींकडे बघून कोणाला कळलं नि कोणाला नाही, हे समजत नाही. म्हणून तास संपल्यावर एकेकाला मेसेज करून विचारत बसते.

९.३० : नववी ब. तोच पेला, तेच नाणं.

११.०० : आठवी. ऑनलाइन वर्गांसाठीच्या केंद्राच्या जुलैतल्या ‘प्रज्ञाता’ सूचनांप्रमाणे पहिली ते आठवीला दिवसाला दोनच सत्रं, नववीपासून पुढे चार. प्रत्येक तीस ते पंचेचाळीस मिनिटांचं. मुलांच्या डोळ्यांचा विचार झाला, हे बरंच झालं. पण सगळ्या इयत्तांना शिकवणाऱ्याची बेरीज कुठल्याच वेळापत्रकात नाही.

दुपारी १.०० : फोन धाकट्याच्या ताब्यात. तो तिसरीत आहे. ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका सह्याद्री वाहिनीवर लागते म्हणून निभावतं; स्वाध्याय मात्र फोनवरच येतो. अर्धा तास माझा हात रिकामा, तर काहीतरी विसरल्यासारखं होतं. दोनदा उगाच त्याच्या खांद्यावरून डोकावते.

३.०० : वह्यांचे फोटो तपासणं. आडवे, उलटे, अंधुक. दोन बोटांनी अक्षर मोठं करायचं, चूक शोधायची, पुन्हा टाइप करून कळवायची. लाल पेनाने एका रेघेत व्हायचं, त्याला चार मेसेज लागतात. मान आखडते, डोळे चुरचुरतात.

रात्री ८.३० : शाळेची दुसरी पाळी. अनेक मुलांच्या घरात फोन एकच. वडील कामावरून आले की तो मुलांच्या हाती येतो. ‘बाई, सकाळचं परत सांगा ना.’ याला नाही कसं म्हणायचं? सकाळी ज्यांना लिंक उघडताच आली नाही, त्यांची शाळा आता भरते.

११.०० : काम संपलं, फोन हातातच. राज्यात रोज वीस हजारांच्या आसपास कोरोनाचे नवे रुग्ण. मग जिल्ह्याचा आकडा, तालुक्याचा आकडा, बेडची विचारणा, कुठलासा काढा. वाचून काही करता येत नाही. न वाचता चैन पडत नाही. छातीत धडधडतं, तरी बोट थांबत नाही.

१२.०० : फोनमधलं डिजिटल वेलबीइंग हिशेब दाखवतं : व्हॉट्सअ‍ॅप, साडेचार तास. त्यातलं काम किती आणि काळजी किती, हे त्याला कळत नाही. मलाही आता वेगळं काढता येत नाही. ‘फोन बाजूला ठेव’ असं घरचे सांगतात. पण फळा, हजेरीपट, स्टाफरूम आणि वाईट बातमी हे सगळं त्याच एका काचेत आहे. बाजूला काय ठेवायचं?

काय कमी करता येईल, ते मात्र सुचतं. मुख्याध्यापकांसाठी मेसेज लिहिते : ‘सर, रात्रीच्या शंका मी चालू ठेवते. त्या बदल्यात नववीच्या दोन्ही तुकड्यांचा तास एकत्र घेऊ द्या, आणि हजेरीचा फॉर्म आठवड्यातून एकदाच मागवा.’

पाठवत नाही. आत्ता पाठवला, तर तेही लगेच उत्तर देतील.