विंडोज १० ची मुदत संपली. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरचं काय करायचं?

जळगाव-धुळ्यातल्या उर्दू शाळांत शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना हल्ली पालक विचारतात, "सर, कॉम्प्युटर तर चालतोय, मग सपोर्ट संपला असं का दाखवतोय?" प्रश्न रास्त आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. कॉम्प्युटर बंद पडत नाही. पण चोरट्यांना आत शिरायला नवी फट सापडली, तर ती बुजवणारे अपडेट आपोआप येत नाहीत. घराची कडी मोडली आणि सुतारच येईनासा झाला, असं समजा.

ही तारीख गुपित नव्हती. २०१५ साली विंडोज १० आलं तेव्हाच ती जाहीर होती. पण औषधाच्या पाकिटावर मुदत छापलेली असते, कॉम्प्युटरच्या बिलावर नसते. दुकानदार सांगत नाही, आपणही विचारत नाही.

आणि याच मशीनवर आपण मुलांच्या शिष्यवृत्तीचे फॉर्म भरतो. आधार नंबर, आई-वडिलांचं बँक खातं, सगळं त्यात असतं. म्हणून हा विषय फक्त कॉम्प्युटरच्या सरांचा नाही.

आधी सेटिंगमध्ये सिस्टिम, मग अबाउट उघडा. तिथे '२२एच२' दिसलं तर ती विंडोज १० ची शेवटची आवृत्ती. २०२२ च्या दुसऱ्या सहामाहीतली. त्यानंतर तीन वाटा आहेत.

पहिली, विंडोज ११. त्याला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा.

दुसरी, वाढीव सुरक्षा अपडेट. घरच्या कॉम्प्युटरला नोंदणी केल्यावर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. शाळांसाठी अटी वेगळ्या आहेत, त्या विचारून घ्या.

तिसरी, मोफत उबुंटू. त्याचं नावच तारीख सांगतं: २४.०४ म्हणजे २०२४ चा एप्रिल, आणि सपोर्ट पाच वर्षं. मात्र आधी एका मशीनवर उर्दू-मराठी टायपिंग आणि प्रिंटर चालवून बघा.

तोवर जुन्या मशीनवर बँकेचं काम आणि फॉर्म भरणं टाळलेलं बरं. आणि पुढच्या वेळी सेकंडहँड लॅपटॉप घेताना किमतीआधी विचारा, "भाई, याला अपडेट कधीपर्यंत येणार?"