मच्छर समजून मारले जाणारे चिलट

घरात मच्छरासारखे काही उडताना दिसले की आपले दोन्ही हात टाळी वाजवायला उठतात, नाही तर एक हात फवाऱ्याच्या डब्याकडे जातो. ते चावणारे होते की नव्हते, ही चौकशी कोणी करीत नाही. मलेरिया आणि डेंग्यूची भीती खरी आहे, त्यामुळे या घाईला दोषही देता येत नाही. पण दोन पंखांच्या कीटकांच्या आजवर दीड लाखाहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांत मच्छरांच्या जाती साडेतीन हजारांच्या आसपास आहेत. उरलेल्यांपैकी बहुतेकांना आपल्या रक्ताशी काही देणेघेणे नाही. अशाच एका गरीब जीवाची, आणि त्याचे खानदान शोधताना विद्वानांची जी दमछाक झाली तिची ही हकिगत आहे.

उर्दूत आपण ज्याला सरसकट भुनगा म्हणतो आणि मराठीत चिलट किंवा घुंगुरटे, त्या एका शब्दात अनेक कुळांचे कीटक येतात. त्यांपैकी एका कुळाला इंग्रजीत वुड नॅट, म्हणजे लाकडातले चिलट म्हणतात. युरोपात ते घरांच्या खिडक्यांच्या काचांवर नेहमी बसलेले आढळते, म्हणून त्याचे दुसरे नाव विंडो नॅट. या लेखापुरते आपण त्याला खिडकी-चिलट म्हणू.

ओळखायचे कसे?

खिडकी-चिलट जेमतेम पाऊण सेंटिमीटर लांबीचे असते. बारीक अंग, लांब पाय, पुढे आलेल्या लांब मिशा. लांबून पाहणाऱ्याला ते मच्छरच वाटते. जवळून पाहिले तर फरक कळतो. मच्छराला रक्त ओढायची लांब सोंड असते, याला तशी सोंड नाही. मच्छराच्या पंखांच्या शिरांवर बारीक खवले असतात, याचे पंख काचेसारखे असून त्यांवर तपकिरी ठिपके असतात. बसताना ते दोन्ही पंख पाठीवर एकावर एक सपाट ठेवते. भिंग घेतले तर आणखी एक खूण दिसते. याच्या डोक्यावर, दोन मोठ्या डोळ्यांच्या मध्ये, तीन चिमुकले साधे डोळे असतात. मच्छराला हे तीन डोळे नसतात.

दोन पंखांच्या सर्व कीटकांप्रमाणे याच्याही मागच्या पंखांच्या जागी गुंडीसारखे दोन दांडे असतात. उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात.

कुजक्यातले घर

या कीटकाचे आयुष्य कुजणाऱ्या वस्तूंत सुरू होते. मादी चिकट, लिबलिबीत पुंजक्यात अंडी घालते. अंड्यांतून बारीक, पांढुरक्या, बिनपायांच्या अळ्या निघतात आणि सापासारख्या वळवळत पुढे सरकतात. ओला पालापाचोळा, शेणखत, झाडाच्या पोकळीत साठलेला चिखल, सडलेले बटाटे आणि गाजरे, झाडाच्या जखमेतून पाझरून आंबलेला रस, या साऱ्या जागा त्यांना चालतात. कुजणारा पदार्थ आणि त्यावर वाढणारे सूक्ष्मजीव हे त्यांचे अन्न. जे आपण घाण म्हणून फेकून देतो, त्याची माती करण्याच्या कामात या अळ्यांचा वाटा आहे.

अळीचा कोष होतो आणि कोषातून पंखवाला कीटक बाहेर येतो. नर मोकळ्या हवेत थवा करून वर-खाली नाचत राहतात आणि मादी त्या थव्याकडे येते. इंग्लंडसारख्या थंड देशात हिवाळ्यातल्या एखाद्या उबदार दुपारीही असे थवे दिसतात. ही जमात फार जुनी आहे. बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या गोठलेल्या चिकात, सुमारे चार कोटी वर्षांपूर्वी अडकलेली खिडकी-चिलटे मिळाली आहेत आणि ती आजच्यांसारखीच दिसतात.

एक जीव, किती नावे!

प्राण्यांची यादी करणे माणसाला नवे नाही. चौदाव्या शतकात कैरोचे विद्वान अद-दमीरी यांनी ‘हयातुल हयवान’ हा प्राण्यांचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात प्राणी अक्षरांच्या क्रमाने मांडले आहेत. शोधायला ही पद्धत उत्तम, पण कोण कोणाचा नातेवाईक हे तिच्यातून कळत नाही. स्वीडनच्या लिनियसने १७५८ मध्ये कीटकांचे गट पाडताना पंख पाहिले आणि दोन पंखांचे सारे एका गटात ठेवले. आत मात्र लांब पायांची कितीतरी चिलटे ‘टिप्युला’ या एकाच नावाखाली कोंबली गेली.

आपल्या चिलटाला शास्त्रीय नाव दिले ते जिओव्हानी स्कोपोली यांनी, १७६३ साली. आजच्या स्लोव्हेनियात इद्रिया येथे पाऱ्याच्या खाणी होत्या आणि स्कोपोली तेथे डॉक्टर होते. त्यांनी याला ‘टिप्युला फेनेस्ट्रॅलिस’ म्हटले. लॅटिनमध्ये फेनेस्ट्रा म्हणजे खिडकी.

पुढे नावांची रांगच लागली. १७८० मध्ये इंग्लंडच्या मोझेस हॅरिस यांनी ‘सिल्व्हिकोला’, म्हणजे रानात राहणारे, हे नाव छापले. जर्मनीचे योहान मायगेन यांनी १८०० मध्ये ‘फ्रायनी’ आणि १८०३ मध्ये ‘अनिसोपस’ ही नावे दिली. फ्रान्सच्या लात्रेय यांनी लगेच ‘ऱ्हायफस’ हे आणखी एक नाव काढले.

मायगेन यांच्याविषयी थोडे सांगायलाच हवे. हा गरीब घरातला माणूस. विद्यापीठाची पदवी नाही. स्टोलबर्ग गावात फ्रेंच शिकवून आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरायचा, आणि उरलेल्या वेळात भिंगाखाली माश्या पाहायचा. केवळ पंख मोजून भागत नाही, मिशांची घडण आणि पंखांवरील शिरांचे जाळेही पाहावे लागते, हे त्याने कीटकशास्त्राला शिकवले. १८१८ ते १८३८ या काळात त्याने युरोपातील माश्यांवर सात खंड लिहिले. आजही माश्यांच्या अभ्यासाचा जनक म्हणून त्याचेच नाव घेतात.

प्राण्यांच्या नावांबाबत एक साधा नियम आहे. आधी छापलेले नाव टिकते. त्या नियमाने हॅरिस यांचे ‘सिल्व्हिकोला’ जिंकले. पण कुळाचे नाव १९१२ मध्ये ‘अनिसोपस’वरून ‘अनिसोपोडिडी’ असे पडले होते आणि तेच चालू राहिले. म्हणजे घराण्याला ज्याचे नाव आहे, तो स्वतः मात्र आज वेगळ्या नावाने ओळखला जातो! भारतापुरते सांगायचे तर १९१२ मध्येच एन्रिको ब्रुनेट्टी यांनी ब्रिटिश भारतातील दोन पंखांच्या कीटकांवर ग्रंथ लिहिला. त्यात हे कुळ ‘ऱ्हायफस’वरून पडलेल्या ‘ऱ्हायफिडी’ या जुन्या नावाखाली आहे. जुने पुस्तक हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून दोन्ही नावे लक्षात ठेवावीत.

बालपणाची साक्ष

नावांपेक्षा अवघड प्रश्न नात्याचा होता. ‘मायसिटोबिया’ नावाचे एक लहान चिलट आहे. त्याच्या पंखांतील शिरा बुरशीवर वाढणाऱ्या चिलटांसारख्या दिसतात. खिडकी-चिलटाच्या पंखाच्या मध्यभागी शिरांनी वेढलेला एक बंद कप्पा असतो, तोही याच्यात नाही. म्हणून मायसिटोबियाला अनेक वर्षे बुरशीच्या चिलटांच्या घराण्यात बसवले होते. नावाचा अर्थही ‘बुरशीत जगणारे’ असाच आहे.

डेव्हिड केलिन या केंब्रिजच्या संशोधकाने पंख बाजूला ठेवले आणि अळ्या पाहिल्या. मायसिटोबियाच्या अळ्या झाडाच्या जखमेतील आंबलेल्या रसात राहतात. त्यांचे डोके, तोंडाचे अवयव, श्वासाची छिद्रे तपासल्यावर त्या खिडकी-चिलटाच्या अळ्यांशी जुळल्या. १९१९ मध्ये केलिन यांनी हे प्रसिद्ध केले आणि मायसिटोबियाचे नाते खिडकी-चिलटांशी जोडले गेले. हेच केलिन पुढे घोड्याच्या जठरात वाढणाऱ्या माशीचा अभ्यास करता करता पेशींच्या श्वसनातील सायटोक्रोमपर्यंत पोहोचले. क्षुल्लक वाटणारा कीटक कोठे घेऊन जाईल, सांगता येत नाही.

वाद अजून पूर्ण मिटलेला नाही. काही अभ्यासक मायसिटोबियाचे वेगळे कुळ मानतात. पण एक मोठी गोष्ट स्पष्ट होत गेली आहे. २०११ मध्ये सुमारे दीडशे कुळांतील माश्यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार खिडकी-चिलटे ज्या शाखेत मोडतात, ती शाखा घरमाशीच्या शाखेची जवळची बहीण आहे. मच्छरांची शाखा त्यांच्यापासून फार पूर्वीच वेगळी झाली. ज्याला आपण मच्छर समजून चिरडतो, ते रूपाने मच्छरासारखे असले तरी नात्याने स्वयंपाकघरातल्या माशीला अधिक जवळचे आहे. वर्गात मुलांना हे सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही.

सांडपाण्यातले सफाई कामगार

या चिलटाच्या अळ्या माणसाच्या कामाला कशा आल्या, हे इंग्लंडच्या सांडपाणी केंद्रांत दिसते. तेथे सांडपाणी दगडांच्या खोल थरावर शिंपडतात. दगडांवर जिवाणू आणि बुरशीचा बुळबुळीत लेप चढतो आणि पाणी झिरपताना हा लेप त्यातील घाण शोषून घेतो. मात्र लेप फार जाड झाला तर दगडांमधील वाटा बुजतात, पाणी वरच तुंबते आणि हवा आत जात नाही. तो लेप खाऊन पातळ ठेवण्याचे काम खिडकी-चिलटाच्या आणि इतर काही माश्यांच्या अळ्या करतात. लीड्स शहरातील केंद्रात लॉइड नावाच्या कीटकशास्त्रज्ञांनी १९३० आणि १९४० च्या दशकांत या अळ्यांचा बारकाईने अभ्यास केला.

यात एक पेच होता. अळ्यांची पुढे माश्या होते आणि त्या आसपासच्या घरांत शिरतात. लोकांच्या तक्रारी येत. सगळ्या अळ्या मारून टाकल्या तर लेप वाढून केंद्र तुंबायचे, आणि काहीच केले नाही तर शेजाऱ्यांना त्रास. म्हणून त्यांची संख्या हद्दीत ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरला.

आपल्या मोरीपर्यंत

त्याच दगडांवर या चिलटाच्या शेजारी राहणारी एक माशी आपल्या ओळखीची आहे. मोरीच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर बसणारी, राखाडी, केसाळ, पंख पसरले की बदामाच्या आकाराची दिसणारी छोटी माशी. तिच्या अळ्या जाळीखालच्या बुळबुळीत थरात वाढतात. ती चावत नाही. भिंतीवर फवारा मारला तर बसलेल्या माश्या मरतात, पण थर तसाच राहतो आणि नव्या माश्या निघतच राहतात. ब्रशने पाइपाच्या आतला थर घासून काढला, गरम पाणी ओतले आणि दोन-तीन आठवडे हे नेमाने केले, तर फवाऱ्याची गरज सहसा पडत नाही.

मच्छराचा उपाय वेगळा आहे. त्याच्या अळ्या साचलेल्या पाण्यात वाढतात. म्हणून कूलर, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे डबे आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करावेत आणि टाकीचे झाकण घट्ट बसवावे. मोरीच्या माशीसाठी टाकी साफ करून उपयोग नाही, आणि मच्छरासाठी मोरी घासून उपयोग नाही. कोणता जीव कोणत्या कुळातला, हे कळले तरच त्याचे मूल कोठे वाढते हे कळते, आणि तेथेच इलाज करता येतो.

तेव्हा पुढच्या वेळी काचेवर किंवा भिंतीवर काही बसलेले दिसले तर फवारा उचलण्याआधी मुलांच्या हाती एक भिंग द्या. सोंड आहे का, पंखांवर ठिपके आहेत की खवले, बसताना पंख कसे ठेवले आहेत, एवढे त्यांना पाहू द्या. त्यांनी ‘मच्छर आहे’ असे सांगितले तर साचलेले पाणी शोधा. ‘मच्छर नाही’ म्हणाले, तर घरात काय कुजते आहे ते पाहा. पलंगाखालच्या टोपलीत एखादा बटाटा नक्की सापडेल.