थंडीत खडपावरचा मासा जातो कुठे?

पौष लागला की पनवेलच्या मासळी बाजारात एक तक्रार ठरलेली असते. बोंबील आहेत, जवळा आहे, कोळंबी आहे, पण गरीचा मासा नाही. हेकरू, तांबोशी, खडकपालू असा खडकाच्या आसऱ्याने राहणारा आणि बहुधा गळालाच लागणारा मासा डिसेंबरच्या मध्यापासून विरळ होतो. त्यावरचे उत्तरही ठरलेले आहे: थंडी पडली, मासा खोल समुद्रात गेला. हे उत्तर अर्धेच खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागामुळे पुष्कळांची गरी रिकामी येते. खडपावरचा मासा थंडीत फार लांब जात नाही. तो काही वाव खाली सरकतो आणि खाण्याची वेळ आखडून घेतो. त्याचा माग काढायचा असेल तर आधी पाण्याचा हिशोब मांडावा लागतो.

खुद्द पनवेलच्या खाडीत खडप नाही. तिथे चिखल, खाजण आणि तिवरं. पण कर्नाळ्याच्या सुळक्यात जो काळा पाषाण उभा दिसतो, तोच घारापुरीला, उरणच्या करंज्याला, थळसमोरच्या खांदेरी-उंदेरीला, अलिबागच्या कुलाबा किल्ल्याखाली, कोर्लईला आणि मुरूड-जंजिऱ्याला समुद्रात आडवा पसरलेला आहे. पुस्तकात 'रीफ' म्हटले की रंगीत प्रवाळ डोळ्यांसमोर येतात. ते पाहायचे तर मालवणला जावे, किंवा विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत असलेल्या आंग्रिया बँकेवर. आपल्याकडच्या गढूळ पाण्यात प्रवाळाला सूर्यप्रकाश पुरेसा मिळत नाही. तरीही काही चिवट जाती तग धरून आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ उचलून दुसरीकडे लावावे लागले, तेव्हा अनेक मुंबईकरांना ते आपल्या दारात आहेत हे पहिल्यांदा कळले. रायगडचे खडप मात्र बसाल्टचे. त्यावर कालवं धरतात, कपारीत चिंबोरी आणि शेवंड राहते, आणि त्यांना खाणारा मासा त्या कपारींच्या भोवती ठाण मांडतो. हेकरू तर पक्का घरकोंबडा. एकदा चांगली कपार मिळाली की तो ती सहसा सोडत नाही.

आता थंडीचे काय होते ते पाहू. मासा शीतरक्ताचा, पाण्याचे तापमान तेच बहुतेक माशांचे तापमान. ऑक्टोबरच्या उकाड्यात 29 अंशांच्या आसपास असलेले मुंबई-रायगडचे पाणी जानेवारीत साधारण 25 वर येते, आणि उथळ जागी पहाटेच्या मतलई वाऱ्याने आणखी उतरते. चार-पाच अंश म्हणजे आपल्याला शालीचा फरक. पण शरीरातल्या रासायनिक क्रियांचा ढोबळ नियम असा आहे की तापमान 10 अंशांनी उतरले तर त्यांचा वेग निम्म्यावर येतो. त्या हिशोबाने पाच अंशांत वेग जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. पचन मंदावते, भूक कमी होते आणि एका खाण्यावर मासा जास्त वेळ काढू शकतो. जागा तीच राहिली तरी दिवसभर तोंड मारणारा हेकरू आता थोडा वेळच तोंड उघडतो. वर बसलेल्या माणसाला वाटते, खाली काही नाही.

कोकणातल्या थंडीला थंडी म्हणायचे का, असे कोणी विचारील. उत्तरेतल्या माणसाने हसावे इतकी ती सौम्य आहे, हे कबूल. पण उष्ण समुद्रातला मासा फार मोठ्या चढउतारासाठी घडलेलाच नसतो. त्याची सहन करण्याची पट्टी अरुंद असते. आपल्या पेण-पनवेल-अलिबाग पट्ट्याचा मानाचा मासा जिताडा घ्या. त्याची वाढ 26 ते 30 अंशांत उत्तम होते आणि पाणी 20 च्या खाली गेले की त्याचे खाणे अगदी कमी होते, हे मत्स्यशेतीतून चांगले ठाऊक झालेले आहे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर जिताड्याचा एक दूरचा भाऊबंद राहतो, स्नूक नावाचा. जानेवारी 2010 मध्ये तिथे असाधारण थंडी पडली आणि उथळ खाड्यांमधले स्नूक मोठ्या संख्येने मेले. असे मासे थंडीत खोल, उबदार खळग्यांचा आसरा घेतात आणि तिथवर न पोचलेल्यांना थंडी गाठते. आपल्याकडे तशी वेळ येत नाही, पण माशाची ओढ तीच. उथळ पाणी झटपट थंड होते, झटपट तापते. खोल पाण्यात चढउतार कमी. म्हणून थंडीत मासा खडपाच्या माथ्यावरून उतरून त्याच्या समुद्राकडच्या कडेला, जिथे खडक संपून वाळू किंवा चिखल लागतो, त्या पायथ्याशी जातो. दोन वाव पाण्यात मिळणारा मासा पाच-सहा वावांवर शोधावा लागतो. खोल समुद्रात जाणे याला म्हणत नाहीत.

बोंबील आणि जवळा भरपूर असताना समुद्र मंदावला असे म्हणायचे कसे, ही दुसरी शंका मला जास्त वजनदार वाटते. तिचे उत्तर शोधताना थंडीचे खरे चित्र दिसते. हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडा, गार वारा उत्तर अरबी समुद्रावर वाहतो. वरचे पाणी थंड आणि जड होऊन खाली बसते, खालचे पोषक क्षारांनी भरलेले पाणी वर येते आणि त्यावर सूक्ष्म वनस्पतींची बहार येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये ही प्रक्रिया सविस्तर मांडली. म्हणजे थंडीतला आपला समुद्र उपाशी नसतो. अन्नसाखळीची खालची पायरी चांगली भरलेली असते. डोल जाळे ओढीच्या पाण्याबरोबर वाहत येणारी मासळी अडवते. बोंबील जाळ्यात यावा म्हणून तो भुकेला असण्याची तिथे गरजच नाही. गरीचे उलट आहे. ती माशाच्या इच्छेवर चालते. एकाच खाडीच्या तोंडावर डोलकर खूश आणि गरीवाला नाराज असू शकतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. गरीवाल्याने यातून घ्यायची गोष्ट इतकीच, की जिथून जवळा आणि बारीक मासळी वाहत जाते, त्या वाटेवरचा खडप आधी पाहावा. मंदावलेला मासा भक्ष्यासाठी फार फिरत नाही. भक्ष्य दारावरून जाईल अशी जागा तो पकडतो.

जागा कळली, तरी वेळ उरतेच. इथे आपल्या किनाऱ्याचा जुना हिशोब कामी येतो. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीचा तास मिळतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्येला सव्वाअकरा. त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे सुकती. हा हिशोब मुंबई-रायगडला ढोबळपणे जुळतो. त्याला थंडीची जोड देऊन पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला सुकती पहाटे आणि संध्याकाळी येते. खडप आणि चिखलाची पठारे उघडी पडतात ती पहाटेच्या सर्वांत गार हवेत, आणि त्यांच्यावरून चढणारी सकाळची भरती गारठा घेऊन येते. शिवाय उधाणात पाण्याला ओढ जबर आणि गाळ ढवळलेला. अष्टमी-नवमीच्या सुमाराला, भांगाच्या पाण्यात, सारे उलटते. सुकती दुपारी बाराच्या आसपास, वर ऊन, पाणी उथळ आणि संथ. काळा दगड तापतो, त्यावरचे पाणीही कोमट होते आणि दुपारभर भरती हळूहळू चढत राहते. गाळ खाली बसलेला असल्याने माशाला आमिष दिसते, आणि ओढ कमी असल्याने गरी तळाशी टिकते. म्हणून थंडीत खडपावर गरी टाकायची तर भांगाची दुपार निवडावी, भरतीच्या पहिल्या तीन-चार तासांत. आमिष लहान ठेवावे आणि ओढायची घाई करू नये, कारण गार पाण्यातला मासा झडप घालत नाही, चाचपतो. (पायी खडपावर उतरणाऱ्याने मात्र परतीची वाट आधी पाहून ठेवावी. माशाला गाठणारी भरती माणसालाही गाठते.)

यावर खरा आक्षेप वेगळाच आहे. थंडी-बिंडी काही नाही, मासाच संपत आला आहे, असे म्हणणाऱ्यांच्या हातात पुरावा आहे. तळोज्याच्या कारखान्यांचे सांडपाणी कासाडी नदीने खाडीत येते, बंदरासाठी तळ उपसला जातो, विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि बाहेर ट्रॉलर तळ खरवडतात. वर्षागणिक मासळी घटण्याला ही कारणे आहेत, यात मला शंका नाही. पण ही कारणे पंचांग पाहत नाहीत. ज्या घटीला ऋतू आहे, तिचे कारणही ऋतूतच शोधावे लागते. थोडा वाटा माणसांचाही आहे: मार्गशीर्षात कित्येक घरांत मासे शिजत नाहीत, गिऱ्हाईक कमी, म्हणून गरीच्या थोड्या मासळीसाठी डिझेल जाळायला कोण जाईल? घटता साठा आणि थंडीची मंदी या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर दोन्हींवरचे उपाय चुकतात.

मासा शोधण्याचे काम यंत्रे करतील असेही सांगितले जाते. हैदराबादची इन्कॉइस संस्था उपग्रहावरून पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य पाहून मासळीच्या संभाव्य जागा कळवते, आणि हिवाळ्यात आकाश निरभ्र असल्याने ही माहिती नियमित मिळते. बांगडा, कुपा अशा थव्याने फिरणाऱ्या माशांसाठी ती उपयोगी आहे. कपारीत बसलेल्या हेकरूबद्दल उपग्रह काही सांगू शकत नाही. होडीवरचे ध्वनियंत्र खडकाची कड छान दाखवते, पण तळाला चिकटलेल्या माशाचा प्रतिध्वनी खडकाच्या प्रतिध्वनीत बुडून जातो. आणि दिसलेला मासा खाणार की नाही, हे त्याला कळत नाहीच.

मासा पायथ्याशी गोळा होतो आणि ठरावीक वेळीच खातो, हे एकदा कळले की तो सापडणे सोपे होते, आणि धोकाही तिथेच आहे. हेकरू बहुतेक मादी म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. जिताड्याचे उलट, आधी नर, मग मादी. एखाद्या खडपावरचे मोठे मासे वेचून काढले की उरलेल्यांत एका बाजूची उणीव पडते. साठा कसा संपतो हे आपण पाहिले आहे: मुंबईच्या समुद्रातली चपटी शेवंड ट्रॉलरच्या जाळ्यांत भरपूर यायची. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिचा धंदाच बुडाला. राज्य सरकारने 2023 मध्ये 54 जातींच्या मासळीसाठी किमान आकार ठरवून दिले, ते पिल्ले वाचवण्यासाठी. खडपावरच्या मोठ्या माशाला त्याने संरक्षण मिळत नाही. ते गरीवाल्यानेच द्यायचे आहे: एका खडपावरून एका भांगात दोन-चार मासे घ्यावेत, सर्वांत मोठा परत सोडावा आणि पुढच्या भांगाला दुसरा खडप धरावा.