डब्यातून काढली आणि अर्ध्या इंचात मारली? तीन गोळ्यांचं गणित

हेडफोन लावायला वेळ नाही, पण बसमध्ये वाचता येतं, अशांसाठी हा या एपिसोडचा लेखी भाग. बोलतानाचे ‘अं’ आणि ‘ते हे’ काढलेत, बाकी जवळजवळ तसंच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. तो म्हणतो, “दादा, यूट्यूबवर अमेरिकन लोक नवी रायफल डब्यातून काढतात, शंभर यार्डांवर तीन गोळ्या मारतात आणि तिन्ही भोकं एकमेकांना चिकटलेली दिसतात. मग म्हणतात, हाफ एमओए, आउट ऑफ द बॉक्स. हे खरं असतं का?”

छोटं उत्तर: भोकं खरी असतात. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बऱ्याचदा कच्चा असतो. आता मोठं उत्तर.

आधी रायफल कोणती, ते

बीजीएमआय खेळला असाल तर एम२४ माहीत असेल. खरी एम२४ ही अमेरिकन सैन्याची स्नायपर रायफल, आणि ती रेमिंग्टन ७०० या शिकारी रायफलच्या अ‍ॅक्शनवर बनलेली आहे. ही ७०० आली १९६२ साली. बोल्ट-अ‍ॅक्शन म्हणजे दाराच्या कडीसारखा प्रकार. दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं. पुढे ढकलून खाली पाडला की नवीन काडतूस नळीच्या मागच्या खोबणीत बसून कुलूपबंद. गोळी सुटताना यात फारसं काही हलत नाही, म्हणून ही पद्धत नेमबाजीसाठी आवडती.

आता ‘व्हार्मिंट’. हा ‘व्हर्मिन’ शब्दाचाच गावठी अमेरिकन उच्चार, अर्थ उपद्रवी प्राणी. अमेरिकेच्या मधल्या गवताळ पट्ट्यात प्रेअरी डॉग नावाचा प्राणी वसाहती करून राहतो. नावात डॉग असला तरी तो खारीच्या कुळातला. तिथल्या गुरं पाळणाऱ्यांची तक्रार अशी, की हा आमच्या गुरांचं गवत खातो. तो बिळाच्या तोंडाशी उभा राहतो तेव्हा लक्ष्य जेमतेम तीन इंच रुंद असतं, आणि अंतर दोनशे-तीनशे यार्ड. एवढ्या छोट्या लक्ष्यासाठी जी रायफल लागते ती व्हार्मिंट रायफल. छोटी, हलकी, प्रचंड वेगाची गोळी (.२२३ किंवा .२२-२५० रेमिंग्टन वगैरे) आणि जाड, जड नळी. नळी जाड असली की ती कमी थरथरते आणि सावकाश तापते. तापलेली पातळ नळी किंचित वाकते आणि गोळ्या एका बाजूला सरकायला लागतात.

एमओए म्हणजे दहा रुपयांचं नाणं

एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग. शंभर यार्डांवर, म्हणजे साधारण ९१ मीटरवर, हा कोन १.०४७ इंच होतो, म्हणजे २६.६ मिलिमीटर. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं. म्हणजे ‘वन एमओए’ रायफल ९१ मीटरवरून एका नाण्याच्या आकारात गोळ्या टाकते, असा दावा. दोनशे यार्डांवर वर्तुळ दुप्पट, तीनशेवर तिप्पट.

ग्रुप मोजतात तो सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या केंद्रांमधल्या अंतराने. हे लक्षात ठेवा, पुढे सगळी गंमत इथेच आहे.

डब्यातली रायफल इतकी चांगली कशी झाली?

हा भाग खरंच कौतुकाचा आहे. पूर्वी नेमाची हौस असलेला माणूस नवी रायफल घेऊन सरळ बंदूक कारागिराकडे जायचा. अ‍ॅक्शनचे पृष्ठभाग सरळ करून घे, दस्त्यात राळ ओतून अ‍ॅक्शन घट्ट बसवून घे, नळी कुठे लाकडाला टेकत असेल तर तिथे तासून घे, चाप हलका करून घे. यात रायफलच्या किमतीइतके पैसे सहज जायचे.

यातल्या बऱ्याच गोष्टी आता कारखान्यातच होतात. सॅव्हेजचं उदाहरण घ्या. त्यांच्या ११० मॉडेलमध्ये (साल १९५८) नळी एका नटने पक्की करतात. गेज लावून नळी हवी तेवढी फिरवायची आणि नट आवळायचा, त्यामुळे काडतूस बसायची जागा स्वस्तात अचूक येते. बोल्टचं डोकं थोडं सैल ठेवलेलं असतं, ते स्वतःच नळीशी जुळवून घेतं. मूळ हेतू उत्पादन स्वस्त करण्याचा, पण अचूकता सोबत मिळाली. मग २००२ च्या सुमारास त्यांनी अ‍ॅक्यूट्रिगर आणला: ग्राहकाला स्वतः हलका करता येणारा आणि तरी सुरक्षित चाप. त्यानंतर बाकीच्या कंपन्यांनाही आपले जड चाप सुधारावे लागले. त्यात सीएनसी मशीन आले. दस्त्याला न टेकणारी ‘फ्री-फ्लोट’ नळी साध्या रायफलींतही दिसू लागली.

म्हणजे आजची साधी फॅक्टरी रायफल खरोखर चांगली आहे. वाद त्यावर नाही. वाद आहे तो ‘किती चांगली’ हे ठरवण्याच्या पद्धतीवर.

तीन गोळ्यांची गडबड

थोडं माझ्या कामातलं सांगतो. एकदा एका रिलीजआधी मी परफॉर्मन्स टेस्ट तीन वेळा चालवली. तिन्ही आकडे छान, मी ‘ओके’ लिहून टाकलं. प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर रात्री दोन वाजता फोन वाजायला लागला. कोड काही रात्रीत बिघडला नव्हता. माझे तीन आकडे नशिबाने एकाच बाजूला पडले होते.

रायफलचंही तेच. प्रत्येक गोळी मध्यबिंदूच्या आसपास कुठेतरी पडते, आणि हे विखुरणं साधारण घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे असतं. त्या विखुरण्याला सिग्मा म्हणू. आता पायथॉनमध्ये वीस ओळींचं सिम्युलेशन लिहा आणि लाखभर ग्रुप पाडा. तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी २.४ सिग्मा येतो, पाचांचा ३.१, दहांचा ३.८. रायफल तीच, माणूस तोच. पण जितक्या जास्त गोळ्या, तितकी एखादी लांब पडण्याची शक्यता जास्त, आणि आपण तर सगळ्यात लांबची दोनच भोकं मोजतोय! म्हणजे तीन गोळ्यांत सरासरी ०.७५ इंच देणारी रायफल दहा गोळ्यांत १.२ इंचाच्या आसपास देणार. बिघाड काही नाही.

दुसरी गोष्ट, तीन गोळ्यांचे ग्रुप भयंकर वरखाली होतात. सरासरी १ इंचाच्या रायफलने पाच ग्रुप पाडले, तर त्यातला सगळ्यात छोटा ०.६ इंचाच्या आसपास येतोच. थंबनेलवर कोणता जाणार, हे सांगायला नको.

कंपन्यांच्या हमीचंही बघा. वेदरबायची प्रसिद्ध ‘सब-एमओए’ हमी तीन गोळ्यांची आहे: थंड नळीतून, शंभर यार्डांवर, ०.९९ इंच किंवा कमी, तेही त्यांच्या स्वतःच्या किंवा प्रीमियम काडतुसांनी. अटी स्वच्छ लिहिलेल्या आहेत, फसवणूक काहीच नाही. पण नुसतं गणित बघायचं तर सरासरी १.२ इंचाची कुठलीही रायफलसुद्धा साधारण तीनातून एकदा ०.९९ च्या आत येते. हमी वाचताना ‘किती गोळ्या?’ हा प्रश्न आधी विचारायचा.

मग काय बिघडलं?

कुणी म्हणेल, छंद आहे, अर्धा इंच इकडेतिकडे. पण समोर जिवंत प्राणी आहे. तीनशे यार्डांवर तीन इंचांचं लक्ष्य घ्या. वारा शून्य, नेम परिपूर्ण. पाच गोळ्यांच्या सरासरीने खरीखुरी १ एमओए असलेली रायफल शंभरातल्या साधारण ६६ गोळ्या आत टाकेल. तोच १ एमओएचा आकडा तीन गोळ्यांच्या सरासरीतून आला असेल, तर ४८. म्हणजे नाणेफेक. रायफल पाच गोळ्यांत खरोखर अर्धा एमओए असेल तर मात्र ९८-९९.

बाहेर पडलेल्या सगळ्या गोळ्या मातीत जात नाहीत. काही पायाला लागतात, पोटाला लागतात. जखमी प्राणी बिळात शिरतो आणि आत मरतो, दिसतही नाही. त्यात ताशी दहा मैलांचा आडवा वारा या हलक्या गोळीला तीनशे यार्डांवर सात-आठ इंच सहज ढकलतो. थंबनेलवर विश्वास ठेवून लांबून गोळी झाडणाऱ्याची चूक प्राण्याच्या अंगावर निघते. उघड्यावर मेलेल्यांमध्ये शिशाचे बारीक तुकडे राहतात, ते गरुड आणि ससाणे खातात. आणि काळ्या पायांचं फेरेट, जे १९८१ मध्ये वायोमिंगमध्ये पुन्हा सापडेपर्यंत नामशेष समजलं जात होतं, ते जगतं प्रेअरी डॉगवरच. त्यामुळे ‘उपद्रवी’ हे लेबल मला तरी इतकं सोपं वाटत नाही.

नीट कसं तपासायचं?

तिथले जाणकार काय करतात ते सांगतो. आधी दुर्बिणीचे स्क्रू तपासायचे, कारण ‘रायफल बिघडली’ यातल्या बऱ्याच तक्रारी तिथेच संपतात. मग दोन-तीन प्रकारची काडतुसं आणायची. नळीच्या आतल्या आट्यांचा पीळ महत्त्वाचा: बारा इंचांत एक फेरा देणारी .२२३ ची नळी ५५ ग्रेनची छोटी गोळी छान फिरवते, पण ७७ ग्रेनची लांब गोळी तिच्यात स्थिर होत नाही. दोष रायफलचा नाही, जोडीचा. मग प्रत्येक प्रकारच्या वीस गोळ्या, पाच-पाचच्या चार ग्रुपमध्ये, मध्ये नळी थंड होऊ देत. आणि चारही ग्रुपची सरासरी. ‘ही गोळी माझ्या हातून हलली’ म्हणून एकही भोक वगळायचं नाही.

हे फक्त अमेरिकेतलं खूळ नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं. त्या टार्गेटवरचं दहाचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. या खेळातले वरच्या पातळीचे नेमबाज रायफल शिकंज्यात पकडून काडतुसांचे वेगवेगळे लॉट तपासतात आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट निवडतात. तिथे तीन गोळ्यांवर कुणी भागवत नाही.

तर व्हॉइस नोटवाल्या मित्रा, पुढचा व्हिडिओ बघताना दोनच गोष्टी बघ: किती गोळ्या झाडल्या, आणि न दाखवलेले ग्रुप किती होते. दोन्हींचं उत्तर व्हिडिओत नसेल, तर तो आकडा जाहिरातीचा समज. पायथॉनचं सिम्युलेशन स्वतः लिहून बघ, अर्ध्या तासाचं काम आहे. अडलास तर परत व्हॉइस नोट टाक. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.