भट्टी विझल्यावर

उर्दूत ज्याला तुम्ही 'कोयला' म्हणता, त्याला मराठीत 'कोळसा' म्हणतात. मराठीत कोळशाचे दोन प्रकार सांगतात. जमिनीच्या पोटातून खणून काढतात तो दगडी कोळसा. लाकूड जाळून करतात तो लोणारी कोळसा. दगडी कोळशावर आगगाड्या धावल्या आणि विजेची केंद्रे चालली. लोणारी कोळशावर शहरांतल्या शेगड्या पेटल्या, चहा उकळला, कपड्यांना इस्त्री झाली. आज जगभर कोळशाचा वापर कमी करण्याची चर्चा चालू आहे, कारण त्याच्या धुरामुळे हवा बिघडते आणि पृथ्वी तापते. पण कोळसा बंद झाला तर कोळशावर जगणाऱ्या माणसांचे काय होते? याचे एक उत्तर आपल्या ठाणे जिल्ह्याच्या रानात आधीच मिळाले आहे.

मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या बाजूला, धसई हे बाजाराचे गाव आहे. आसपासच्या गावांतले आणि पाड्यांतले लोक येथे तांदूळ, मीठमिरची, कापड घेण्यासाठी येतात. १ डिसेंबर २०१६ रोजी धसई हे 'कॅशलेस गाव' म्हणून जाहीर झाले, तेव्हा त्याचे नाव वर्तमानपत्रांत गाजले होते. दुकानादुकानांत कार्ड चालवण्याची यंत्रे आली होती. मुरबाड आणि शेजारचा शहापूर या दोन्ही तालुक्यांत ठाकर, महादेव कोळी, कातकरी असे आदिवासी लोक राहतात. त्यांपैकी कातकऱ्यांची ही गोष्ट आहे.

'कातकरी' हे नाव कात या शब्दावरून आले. पानाच्या विड्यात घालतात तोच हा कात. खैराच्या झाडाचा गाभा तासून त्याचे तुकडे पाण्यात उकळायचे, ते पाणी आटवायचे आणि घट्ट झालेला कात वाळवायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा होता. १८७८ मध्ये इंग्रज सरकारने जंगलाचा कायदा केला. मोठमोठी राने राखीव झाली. खैराला हात लावणे हा गुन्हा ठरला. ज्या धंद्यावरून जमातीला नाव मिळाले, तो धंदाच गेला. त्याच्या बदल्यात दुसरे काम कोणी दिले नाही.

मग पुष्कळ कातकरी मजुरीकडे वळले. कोणी शेतावर गेले, कोणी लाकूडतोडीला, तर कोणी कोळसा पाडायला. ठेकेदार जंगलाचा एक तुकडा तोडायला घेई. अशा तुकड्याला 'कूप' म्हणतात. कुपातले चांगले लाकूड इमारतीसाठी जाई आणि उरलेल्या लाकडाचा कोळसा होई.

कोळसा पाडणे हे वाटते तितके सोपे काम नाही. लाकडाचे सारखे तुकडे करून ते उभे रचावे लागतात. त्या ढिगावर पाला आणि गवत घालून वरून माती लिंपतात. वर एक तोंड ठेवतात आणि तेथून आग देतात. आतले लाकूड भडकून जळता कामा नये. त्याने नुसते धुमसत राहायला हवे. कोठे मातीला भेग पडली आणि वारा आत शिरला, तर कोळशाऐवजी राख हाती येते. म्हणून घरातले कोणीतरी रात्रभर भट्टीजवळ जागे असते आणि भेग दिसली की ओली माती थापते. धुराच्या रंगावरून आत काय चालले आहे, ते जाणत्या माणसाला कळते. पहिल्यांदा पांढरा दाट धूर येतो. तो विरळ आणि निळसर झाला की कोळसा झाला असे समजतात. भट्टी थंड व्हायला पुन्हा काही दिवस जातात. एवढे करून चार-पाच किलो लाकडातून एखादा किलो कोळसा मिळतो. हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नव्हते. पण त्याची किंमत ठेकेदाराच्या वहीत कधी लिहिली गेली नाही.

वहीत एकच गोष्ट नीट लिहिलेली असे, ती म्हणजे उचल. पावसाळ्यात हाताला काम नसते आणि घरात धान्य नसते. अशा वेळी ठेकेदार आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. ती फेडण्यासाठी दिवाळीनंतर सारे कुटुंब कामावर जाते. कामाच्या दिवसांत पोटापुरते जे पैसे मिळतात, त्यांना खर्ची म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर हिशेब होतो. उचल जास्त आणि काम कमी भरले, तर पुढच्या वर्षीही त्याच मालकाकडे जावे लागते. अशा रीतीने कर्जासाठी माणूस बांधला जातो. यालाच वेठबिगारी म्हणतात.

हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस डी. सिमिंग्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई इलाख्यातील आदिवासींची पाहणी केली. सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार त्यांना कसे लुबाडतात, हे त्याने आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले. पुढे १९४७ पासून, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, जंगल कामगारांच्या सहकारी संस्था निघू लागल्या. कूप ठेकेदाराला न देता मजुरांच्याच संस्थेला द्यायचा, असा हा विचार होता. ठाणे जिल्ह्यात अशा अनेक संस्था झाल्या. माझ्या मते या साऱ्या कहाणीतला हा सर्वांत शहाणपणाचा प्रयत्न होता. संस्थेच्या पुस्तकात मजुराच्या कर्जाबरोबर त्याचे कामही लिहिले जाऊ लागले.

पण काळ बदलत होता. शहरात शेगडीच्या जागी आधी रॉकेलचा स्टोव्ह आला आणि मग गॅस आला. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने जंगल हे उत्पन्नाचे साधन नसून पर्यावरणाचा आधार आहे, असे ठरवले. झाडे वाचली पाहिजेत, हे खरेच होते. कूप कमी झाले, भट्ट्या कमी झाल्या. धूर गेला याचे दुःख कोणी करू नये. मात्र भट्टीजवळ जागणारा माणूस कोठे गेला, याची चौकशी करायला कोणी आले नाही.

तो वीटभट्टीवर गेला. भिवंडी, कल्याणच्या बाजूला तुम्ही विटांच्या भट्ट्या पाहिल्या असतील. मुरबाड-शहापूरचे कितीतरी कातकरी दिवाळीनंतर तेथे जातात. काही कुटुंबे घाट ओलांडून दूरच्या जिल्ह्यांत बाभळीचा कोळसा पाडायला जातात. काम बदलले, गाव बदलले. उचल मात्र तीच राहिली. मजेची गोष्ट अशी की, वीटही कोळशावरच भाजतात. एका कोळशातून सुटलेला माणूस दुसऱ्या कोळशापाशी गेला.

वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ मध्ये झाला. ('कायदा' हा मूळ अरबी शब्द फारसीतून मराठीत आला आहे. उर्दूत तो नियम या अर्थाने येतो. मराठीत त्याचा अर्थ 'कानून' असा होतो.) या कायद्याने वेठबिगाराचे कर्ज रद्द ठरते आणि त्याला मोकळे केले जाते. ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेने १९८० च्या दशकापासून अनेक वेठबिगारांना सोडवले. परंतु सुटलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी खायला लागते. २०१६ च्या केंद्रीय योजनेप्रमाणे सुटका झालेल्या प्रौढ पुरुषाला १ लाख रुपये, स्त्रिया व मुले यांना २ लाख आणि फार छळ झालेल्यांना ३ लाख रुपये देण्याचे ठरले. पण ही पूर्ण रक्कम मालकावरचा गुन्हा कोर्टात सिद्ध झाल्यावर मिळते. कोर्टाची तारीख आणि घरातली चूल यांचा मेळ बसत नाही. मग पुन्हा उचल घेतली जाते.

म्हणून पैशाइतकीच गरज गावातल्या कामाची आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा मंजूर झाला. वि. स. पागे यांना या योजनेचे जनक म्हणतात. पुढे २००५ मध्ये सबंध देशासाठी असाच कायदा झाला. दिवाळीनंतर लगेच गावात काम निघाले आणि मजुरी वेळेवर मिळाली, तर कुटुंबाला भट्टीवर जाण्याचे कारण राहत नाही. मजुरी उशिरा आली, तर ठेकेदाराची रोख उचल जिंकते. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलातल्या वस्तू गोळा करण्याचा आणि विकण्याचा हक्क दिला. शहापूर तालुक्यात कातकरी तरुणांनी या मार्गाने एक धंदा उभा केला. ते रानातून गुळवेल गोळा करतात, वाळवतात आणि औषधासाठी विकतात. २०१८ मध्ये सुरू झालेल्या वनधन योजनेची मदत त्यांना मिळाली. २०२० च्या साथीत गुळवेलीला मागणीही खूप आली. एका वेलीवर सगळा तालुका जगणार नाही, हे उघड आहे. पण धुराचा रंग ओळखणाऱ्या लोकांना रानाची ओळख आहे, आणि ती ओळख येथे कामाला आली.

आता दगडी कोळशाकडे वळू. आपल्या राज्यात चंद्रपूर, नागपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत कोळशाच्या खाणी आहेत. चंद्रपूरच्या मोठ्या वीज केंद्रातले २१० मेगावॅटचे पहिले दोन जुने संच बंद झाले आहेत. २०७० पर्यंत हवेत घातक वायूंची भर पडू द्यायची नाही, असे भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथे जाहीर केले. म्हणजे खाणी आज चालू असल्या, तरी त्या कायमच्या नाहीत. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कामगारांना आणि त्यांच्या गावांना आधार देत हा बदल करायचा, याला 'न्याय्य संक्रमण' म्हणतात. २०१५ च्या पॅरिस करारातही त्याचा उल्लेख आहे.

हा आधार कसा दिला, यावर सारे अवलंबून असते. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर खाणी भराभर बंद झाल्या. कामगारांना पैसे मिळाले, पण गावात दुसरे काम आले नाही, आणि कितीतरी गावे ओस वाटू लागली. जर्मनीने २००७ मध्ये ठरवले की दगडी कोळशाच्या खाणी २०१८ पर्यंत बंद करायच्या. शेवटची खाण ठरल्याप्रमाणे डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. मधल्या अकरा वर्षांत कोणाला लवकर निवृत्तिवेतन मिळाले, तर कोणाला दुसऱ्या कामावर घेतले गेले.

चंद्रपुरात खाण कंपनीचा कायम कामगार आहे. त्याला भविष्य निर्वाह निधी आहे, निवृत्तिवेतन आहे, युनियन आहे. त्याचे नाव हजेरीपटावर आहे. पण त्याच खाणीवर कंत्राटदाराचा मजूर आहे, ट्रकचा चालक आहे, क्लीनर आहे, खाणीच्या फाटकाशी चहा विकणारा आहे. खाण बंद झाल्यावर मदत वाटण्याची वेळ येईल, तेव्हा यांची नावे कोणत्या कागदावर सापडतील? २०१५ पासून खाणींच्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणवाल्यांना सरकारला द्याव्या लागणाऱ्या रकमेच्या प्रमाणात त्यात पैसे जमा करावे लागतात आणि ते बाधित गावांसाठी वापरायचे असतात. यात एक अडचण आहे. खाण चालू असेपर्यंतच हे पैसे येतात. ज्या दिवशी गरज सर्वांत जास्त, त्या दिवशी निधीची धार आटलेली असेल. म्हणून कामगारांची नोंद आणि निधीची तजवीज आजच करायला हवी.

कातकऱ्यांच्या बाबतीत ही नोंद मागे राहिली. जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याच्या आजोबांचे आयुष्य कुपाकुपांतून फिरण्यात गेले, त्याने तो कोठून आणावा? २०२३ पासून केंद्र सरकारच्या जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या अतिमागास जमातींसाठी घरे, रस्ते, वीज यांची कामे काढली गेली. तेथेही आधी कागद लागतो. वीटभट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात. १९९० च्या दशकात ठाणे जिल्ह्यात भट्टीवरच्या मुलांसाठी भट्टीवरच शाळा निघाल्या, त्यांना 'भोंगा शाळा' हे नाव पडले. त्यांतल्या कितीतरी मुलांचे नाव पहिल्यांदा कोठे लिहिले गेले असेल, तर ते तेथल्या हजेरीपटावर.