यकृताची फूटपट्टी

हॉजकिन लिम्फोमा हा लसिकाग्रंथींत वाढणारा रक्ताचा कर्करोग. केमोथेरपीच्या दोन सायकल झाल्या की डॉक्टर पुन्हा पेट स्कॅन लिहून देतात. घरचे चक्रावतात. उपचार निम्मेही झाले नाहीत, एवढ्यात परत खर्च कशाला? पण आजार पुढे कसा वागणार, हे पहिल्यापेक्षा या दुसऱ्या स्कॅनमध्येच जास्त कळतं.

स्कॅनला सहा तास उपाशी यायचं. बोटाला टोचून साखर तपासतात आणि शिरेतून एफडीजी देतात. म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेलं ग्लुकोज. कर्करोगाच्या पेशी साखरेला हपापलेल्या असतात, हे ओटो वारबुर्गने 1920च्या दशकातच दाखवलं होतं. हे ग्लुकोज त्या ओढून घेतात, पण पचवू शकत नाहीत. ते आतच अडकतं आणि स्कॅनमध्ये चमकतं. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मं होतं, त्यामुळे साठा करून ठेवायची सोय नाही. त्यासाठी जवळपास सायक्लोट्रॉन लागतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002मध्ये मुंबईत, परळला सुरू झाला.

इंजेक्शननंतर तासभर निमूट पडून राहायचं. गप्पा मारल्या तर स्वरयंत्राचे स्नायू साखर खातात. थंडी वाजली तर मानेतली तपकिरी चरबी पेटते आणि ग्रंथींचा भास होतो. एसी खोलीतलं ते जाड पांघरूण निव्वळ पाहुणचार नव्हे!

मेंदू आणि मूत्राशय तर नेहमीच चमकतात. मग ग्रंथीतली किती चमक जास्त म्हणायची? फ्रान्समधल्या दोव्हिल या समुद्रकाठच्या गावी 2009मध्ये तज्ज्ञ जमले आणि एक ते पाच गुणांची मोजपट्टी ठरली. तिची खुबी अशी, की माप रुग्णाच्याच अंगातलं: छातीच्या मध्यभागातल्या रक्ताची आणि यकृताची चमक. ग्रंथी यकृताइतकी किंवा त्याहून मंद असेल तर तीन किंवा कमी गुण. उजळ असेल तर चार, फारच उजळ तर पाच.

त्याआधीच, 2007मध्ये, इटली आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 260 रुग्णांचे निष्कर्ष छापले होते. दुसऱ्या सायकलनंतर चमक विझलेल्यांपैकी 95 टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत पुढे सरकला नाही. न विझलेल्यांत हे प्रमाण जेमतेम 13 टक्के. एवढी तफावत वैद्यकात क्वचितच दिसते. मग ‘रॅथल’ चाचणीने त्यावर उपचारच बदलून पाहिले; तिचे निष्कर्ष 2016मध्ये छापले गेले. चमक विझलेल्यांपैकी निम्म्यांचं ब्लिओमायसिन, म्हणजे फुप्फुसांना जड जाणारं औषध, थांबवलं. तीन वर्षांनी दोन्ही गटांत आजार आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण सुमारे 85 टक्केच होतं, आणि फुप्फुसांचा त्रास मात्र कमी झाला. माझ्या मते या स्कॅनची खरी कमाई ही.

आपल्याकडे एक घोळ होतो. क्षयाची गाठही अशीच चमकते. त्यामुळे चार-पाच गुण आले, तरी औषधं बदलण्याआधी शंकेच्या ग्रंथीत सुई घालून तुकडा तपासायला पाठवतात.