सर्व्हर ‘नाही’ म्हणतो तेव्हा

‘आउट ऑफ डेट’ हा शेरा सबव्हर्जन ही फाइलींतील बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली वापरणाऱ्या प्रत्येकाच्या पडद्यावर कधी ना कधी येतोच. दिवसभर खपून केलेले काम सर्व्हरवर पाठवायला जावे आणि त्याने ते घ्यायलाच नकार द्यावा! नवख्याला वाटते, काहीतरी बिघडले. खरे तर यंत्रणा त्या क्षणी आपले काम चोख करत असते. आपण फाइल उतरवून घेतल्यानंतर दुसऱ्या कोणीतरी तिच्यात बदल केलेला असतो. आपली प्रत जशीच्या तशी स्वीकारली, तर त्याची मेहनत पुसली जाईल.

सॉफ्टवेअरमधील बदलांची नोंद ठेवण्याची ही धडपड जुनी आहे. बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी १९७२मध्ये ‘एससीसीएस’ तयार केली. पुढे डिक ग्रून यांनी १९८६मध्ये ॲमस्टरडॅममध्ये ‘सीव्हीएस’ची सुरुवात केली आणि ती जगभर पसरली. पण तिच्यात एक मोठी उणीव होती. दहा फाइली पाठवताना मध्येच जोडणी तुटली, तर पाच पोहोचत आणि पाच राहून जात. फाइलचे नाव बदलले, की तिचा इतिहासही मागे सुटे. या उणिवा दूर करण्यासाठी कोलॅबनेट कंपनीने २०००मध्ये सबव्हर्जनचे काम हाती घेतले. पहिली अधिकृत आवृत्ती फेब्रुवारी २००४मध्ये आली आणि २०१०पासून हा प्रकल्प अपाचे फाउंडेशनकडे आहे.

सबव्हर्जनमध्ये मूळ भांडार, म्हणजे रिपॉझिटरी, एकाच सर्व्हरवर असते. प्रत्येक जण तिथून आपली कामाची प्रत उतरवून घेतो, बदल करतो आणि ते ‘कमिट’ करतो. कमिट एक तर पूर्ण होते, नाहीतर मुळीच होत नाही. प्रत्येक कमिटला साऱ्या भांडारासाठी मिळून एक क्रमांक मिळतो. तलाठ्याच्या फेरफार नोंदवहीसारखेच हे. नवी नोंद चढते, जुनी खोडली जात नाही.

म्हणूनच ‘आउट ऑफ डेट’वरचा उपाय साधा आहे. आधी ‘अपडेट’ करायचे, सहकाऱ्याचे बदल आपल्या प्रतीत घ्यायचे आणि मग कमिट करायचे. दोघांनी वेगवेगळ्या ओळी बदलल्या असतील, तर सबव्हर्जन त्या आपणहून जुळवते. एकाच ओळीला दोघांचा हात लागला असेल, तर मात्र ‘कॉन्फ्लिक्ट’ होतो. वाद पुढे ढकलला, तर फाइलमध्ये दोन्ही मजकूर खुणांसह दिसतात आणि शेजारी आपली, जुनी व नवी अशा तीन प्रती ठेवल्या जातात. कोणता मजकूर बरोबर, हे यंत्राला कळत नाही. सहकाऱ्याला फोन करावा, मजकूर नीट करावा, मगच ‘रिझॉल्व्ह’ म्हणावे. घाईघाईत ‘माझेच ठेव’ हा पर्याय निवडणे म्हणजे सर्व्हरने वाचवलेले काम आपल्या हाताने पुसणे.

‘वर्किंग कॉपी लॉक्ड’ हा दुसरा नेहमीचा अडथळा. अपडेट चालू असताना वीज गेली किंवा प्रोग्राम बंद पडला, की अर्धवट कामाची खूण मागे राहते. ‘क्लीनअप’ आज्ञा दिली, की ते मार्गी लागते. चित्रे किंवा वर्ड फाइलींसाठी मुद्दाम लावलेले कुलूप वेगळे. अशा फाइलींतले दोघांचे बदल आपोआप जुळवता येत नाहीत, म्हणून एका वेळी एकानेच त्या बदलाव्यात यासाठी ते असते.

चुकून पासवर्ड कमिट झाला, तर फाइल डिलीट करून भागत नाही. जुन्या क्रमांकात तो तसाच राहतो. पहिले काम म्हणजे तो पासवर्ड तातडीने बदलणे.

कधीकधी दुखणे खुद्द भांडारालाच जडते. फेब्रुवारी २०१७मध्ये ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था आणि गूगल यांनी मजकूर वेगळा, पण ‘एसएचए-१’ ठसा (मजकुरावरून गणिताने काढलेली ओळखखूण) अगदी एकच अशा दोन पीडीएफ फाइली जगासमोर ठेवल्या. तेव्हा सबव्हर्जन वापरणाऱ्या वेबकिट या ब्राउझर-इंजिनाच्या प्रकल्पात चाचणीसाठी त्या दोन्ही कमिट केल्या गेल्या. सारख्या मजकुराची साठवण एकदाच करावी म्हणून सबव्हर्जन हाच ठसा पाहत असे. तिने दोन्ही फाइली एकच धरल्या, भांडार बिघडले आणि नवे कमिट अडले. त्याच वर्षी आलेल्या १.९.६ आवृत्तीपासून अशी दुसरी फाइल सर्व्हर स्वीकारतच नाही.

केंद्रीय व्यवस्थेची खरी जोखीम इथे आहे. वीस संगणकांवर कामाच्या प्रती असल्या, तरी इतिहास एकाच सर्व्हरवर असतो. त्यासाठी ‘हॉटकॉपी’ने भांडाराची नियमित प्रत दुसऱ्या यंत्रावर ठेवावी, ‘व्हेरिफाय’ने ती तपासावी आणि सारे सुरळीत असतानाच एकदा त्या प्रतीवरून भांडार उभे करून पाहावे.